होडीचा कान

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या उत्तर तीरावर, शहागड हें गांव वसलेलें आहे. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता येथें पुलावरून नदी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यांत उतरतो. पुलावरून जाणाऱ्या प्रवाशाला खालचें पाणी आरशासारखें सपाट दिसतें. परंतु त्याच पाण्यांत जाळें टाकून संसार चालविणाऱ्या भोयाला किंवा कोळ्याला तें तसें भासत नाहीं. एके ठिकाणीं पाणी कमरेइतकें असतें, तर तेथून दहा हातांवर बांबू टेकत नाहीं. वरच्या अंगाला पैठण येथें जायकवाडीचें धरण आहे. त्याचें उद्घाटन १९७६ सालीं झालें. पावसाळ्यांत धरणाचे दरवाजे उघडले म्हणजे वेगानें येणारें पाणी पात्रांतील वाळू हलवून टाकतें; आणि जेथें वाळूचा उपसा होतो तेथें खोल खड्डे मागें राहतात. सारांश, गेल्या वर्षीं ओळखीचा असलेला तळ यंदा परका होऊन बसतो. त्या तळाची माहिती नसली तर जाळें बुडालेल्या बाभळीच्या खोडांत अडकून फाटतें, आणि तें सोडवावयास पाण्यांत उतरणाऱ्याचा जीवहि धोक्यांत येतो.

पाण्याची खोली जाणण्याचीं जुनीं साधनें दोन : बांबू आणि शिसें बांधलेली दोरी. कोंकणांतील दर्यावर्दी खोली वावांत सांगतो. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले असतां होणारें अंतर. हीं साधनें खोटें बोलत नाहींत; पण एका वेळीं एकाच जागेचें वर्तमान सांगतात, आणि मध्यें मासा आहे कीं नाहीं याविषयीं अगदीं मुकीं असतात. ही उणीव भरून काढणारें यंत्र म्हणजे फिशफाइंडर, अर्थात् मत्स्यशोधक. समुद्रावरील मोठ्या मासेमारी नौकांना तें नवें राहिलेलें नाहीं. आतां लहान पडद्याचे, कमी किंमतीचे नमुनेहि मिळूं लागले आहेत. तेव्हां नदीवरील होडीवाल्यालाहि तें घ्यावेंसें वाटणें साहजिक आहे.

घेणारा मात्र बहुधा पडदा पाहून यंत्र पसंत करतो. पडदा केवढा, रंग किती, अक्षरें किती ठळक, याचीच तो चौकशी करतो. वास्तविक पडदा ही नुसती पाटी आहे. त्या पाटीवर काय लिहावयाचें तें ठरविणारा अवयव निराळाच असून तो पाण्यांत, कोणाच्या दृष्टीस न पडतां, आपलें काम करीत असतो. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो होडीचा कान होय. आणि बोलणारें तोंडहि तोच. कान बहिरा असेल तर पाटी कितीहि सुंदर असली तरी तिच्यावर खरें उमटणार कसें?

या कानाचें कार्य समजण्यास ध्वनीचा एक गुण ध्यानांत घेतला पाहिजे. पाण्यांत प्रकाश लवकर मावळतो; गढूळ पाण्यांत तर हातभरहि पोंचत नाहीं. ध्वनि मात्र पाण्यांत दूरवर आणि वेगानें जातो. १८२६ सालीं स्वित्झर्लंडमधील जिनीव्हाच्या सरोवरांत कोलाडाँ व स्टुर्म या दोघांनीं पाण्याखालीं घंटा वाजवून हा वेग मोजला; तो सेकंदाला सुमारें १,४३५ मीटर भरला. तें पाणी थंड होतें. आपल्याकडील उबदार पाण्यांत हा वेग सेकंदाला सुमारें १,५०० मीटर, म्हणजे हवेंतील वेगाच्या चौपटीहून अधिक असतो. होडीखालीं सहा मीटर पाणी असेल तर ध्वनीला तळाशीं जाऊन परत येण्यास सेकंदाचे अवघे आठ हजारांश भाग लागतात. यंत्र हा काळ मोजतें आणि त्यावरून खोली सांगतें.

१८८० सालीं पिएर व जाक क्यूरी या बंधूंना असें आढळलें कीं, कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांत विद्युत् उत्पन्न होते. उलटपक्षीं, अशा स्फटिकाला विद्युत् दिली कीं तो थरथरूं लागतो. पहिल्या महायुद्धाच्या काळांत पॉल लांझव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें गारेच्या स्फटिकाचा हाच गुण पाणबुड्या शोधण्याच्या कामीं लावला. पुढें जपानच्या नागासाकी प्रांतांतील फुरुनो बंधूंनीं १९४८ सालीं मच्छिमारांना व्यवहारांत वापरतां येईल असें यंत्र सिद्ध केलें. आजच्या ट्रान्सड्यूसरमध्यें गारेच्या जागीं भाजलेल्या मातीच्या जातीची, मुद्दाम बनविलेली एक चकती असते. ती क्षणभर थरथरून ध्वनि पाठविते आणि मग गप्प राहून प्रतिध्वनि ऐकते.

प्रतिध्वनि देणाऱ्या पदार्थांत हवेचा क्रमांक पहिला लागतो. पाण्यांतून जाणारा ध्वनि हवेला भिडला कीं जवळजवळ सर्वच्या सर्व मागें फिरतो. कटला, रोहू यांसारख्या माशांच्या पोटांत वायूची एक पिशवी असते. यंत्राला मासा दिसतो तो मुख्यतः या पिशवीमुळें. समुद्रांतील घोळ माशाची हीच पिशवी परदेशीं मोठ्या मोलानें विकली जाते. मुशीला अशी पिशवी नसल्यामुळें तिचा प्रतिध्वनि क्षीण येतो. आणि चिखलांत रुतून बसणारी वाम यंत्राला सहसा दिसतच नाहीं.

परंतु जी हवा माशाचा पत्ता देते, तीच हवा ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशीं आली तर त्याचा घात करते. होडी चालूं लागली कीं तळाखालून बुडबुडे वाहूं लागतात. त्यांचा पातळसा थर जरी चकतीखालीं आला, तरी ध्वनि तेथूनच मागें फिरतो आणि पडद्यावर नुसता धुरळा दिसतो. यावरून सर्व नियमांचा एकच नियम निघतो : ट्रान्सड्यूसरच्या मुखाला बुडबुड्यांवांचून वाहणारें, अखंड पाणी सदैव भिडलेलें असावें. पुढील सर्व सूचना या एका नियमाचाच विस्तार आहेत.

प्रथम निवडीचा विचार. साध्या ट्रान्सड्यूसरवर बहुधा दोन आंकडे असतात : ५० आणि २०० किलोहर्ट्झ. पहिला ध्वनि खोलवर पोंचतो, पण त्याची लाट तीन सेंटिमीटर लांबीची असते. दुसऱ्याची लाट साडेसात मिलिमीटरच असल्यानें तो बारकावे अधिक स्पष्ट दाखवितो, मात्र समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत लवकर क्षीण होतो. शहागडसारख्या ठिकाणीं पाणी गोडें आणि उथळ. तेव्हां येथें २०० चाच आंकडा श्रेयस्कर. खोल दर्यासाठीं बनविलेल्या अधिक शक्तीच्या यंत्रावर येथें पैसा घालणें म्हणजे विहिरीचें पाणी काढण्यासाठीं जहाजाचा दोर विकत घेणें होय.

ध्वनि खालीं जातो तो विजेरीच्या झोताप्रमाणें, शंकूच्या आकारानें पसरत. शंकूचा कोन २० अंशांचा असेल तर सहा मीटर खोलीवर तो सुमारें दोन मीटर व्यासाचें वर्तुळ व्यापतो. कोन ४० अंशांचा असेल तर साडेचार मीटरांच्या आंतबाहेर. रुंद शंकूंत अधिक मासे येतात, हें खरें. पण तळाचा खड्डा व त्याचा कांठ एकाच वेळीं शंकूंत सांपडल्यानें यंत्र आधीं कांठाची खोली सांगतें व खड्डा लपवितें. ज्याला वाळूचे खड्डे ओळखून जीव व जाळें राखावयाचें आहे, त्यानें अरुंद शंकूच पसंत करावा.

दुसरा विचार होडी कशाची आहे याचा. फायबरच्या होडीचा तळ भरीव असेल तर ट्रान्सड्यूसर आंतूनच डकवितां येतो. भोक पाडावें लागत नाहीं. मात्र चिकटविण्याच्या द्रव्यांत एकहि बुडबुडा राहतां कामा नये. डकविण्यापूर्वीं पाणी भरलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवींत ट्रान्सड्यूसर ठेवून ती पिशवी तळाला आंतून दाबून पाहावी. तळ स्पष्ट दिसला तर ती जागा योग्य समजावी. लांकडी होडींत ही युक्ति चालत नाहीं, कारण लांकूड ध्वनि शोषून घेतें. तळाला भोक पाडून बसविण्याचा प्रकार मोठ्या नौकांचा. तेथेंहि लांकडाला ब्राँझचें घर योग्य. लांकूड पाण्यानें फुगलें म्हणजे प्लॅस्टिकचें घर तडकण्याचा संभव असतो. उलट, ॲल्युमिनियमच्या होडीला ब्राँझ कधींहि लावूं नये; दोन धातु पाण्यांत एकत्र आल्यानें ॲल्युमिनियम झिजून जातें.

इंजिनाच्या लहान होडीला सोपा प्रकार म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून बसविण्याचा. मागून पाहतां घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरणाऱ्या पंख्याचीं पातीं उजव्या बाजूस खालीं जातात आणि डाव्या बाजूस वर येतात. वर येणारीं पातीं पाणी अधिक घुसळतात. म्हणून ट्रान्सड्यूसर उजव्या बाजूस, पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर दूर बसवावा. त्याच्या पुढच्या रेषेंत तळाला खिळा, पट्टी, भोक किंवा डागडुजीचा उंचवटा नसावा. बुडबुडे तेथेंच जन्म घेतात. फायबरच्या होडीवर त्याचें तोंड तळापेक्षां सुमारें ३ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमच्या होडीवर सुमारें १० मिलिमीटर खालीं असावें. तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशीं समांतर राहावें. तें तिरपें झालें तर शंकूहि तिरपा पडतो आणि मासा नसलेल्या जागीं जाळें पडतें. स्क्रूसाठीं आधीं बारीक भोक पाडून त्यांत नौकेसाठीं मिळणारें जलरोधक लुकण भरावें, म्हणजे लांकूड कुजणार नाहीं.

नदीवरच्या बहुतेक लहान होड्या मात्र वल्ह्यानें किंवा बांबूनें चालतात, आणि संध्याकाळीं ओढून वाळूवर घेतल्या जातात. अशा होडीच्या मागें कायमचा बसविलेला ट्रान्सड्यूसर पहिल्याच आठवड्यांत गोट्यांवर आपटून फुटावयाचा. तिला एक सोपी जोड पुरते : होडीच्या कांठाला आवळून बसणारी आडवी फळी, फळीला उभी नळी, आणि नळीच्या खालच्या टोंकाला ट्रान्सड्यूसर. तो वल्ह्याच्या मारापासून दूर आणि तळाच्या थोडा खालीं राहील अशी नळीची लांबी ठेवावी. नळीला एक बारीक दोरी बांधून ती होडींत अडकवावी, म्हणजे फळी सुटली तरी यंत्राचा कान नदींत जाणार नाहीं. किनारा जवळ येतांच नळी वर उचलावी. या रीतीला होडीस एकहि भोक पडत नाहीं, आणि पंख्याचे बुडबुडेहि आडवे येत नाहींत. कमी खर्चाची असली तरी ही रीत कमी प्रतीची नव्हे. शांत पाण्यावर ती उत्तम काम देते.

ट्रान्सड्यूसरपासून यंत्रापर्यंत येणारी तार ही त्याची शीर समजावी. ती लांब वाटली म्हणून कापूं नये. वेटोळें करून बाजूस बांधावी. इंजिनाच्या तारांबरोबर ती कधींहि गुंडाळूं नये, नाहींतर इंजिनाची कुरकुर पडद्यावर ठिपक्यांच्या रूपानें उमटते आणि भोळा माणूस त्या ठिपक्यांना मासे समजतो. बारा व्होल्टच्या बॅटरीपासून यंत्राकडे जाणाऱ्या तारेंत फ्यूज अवश्य असावा. चकतीच्या तोंडावर शेवाळ धरलें तर तें मऊ फडक्यानें पुसावें. सुरीनें खरवडूं नये.

बसविल्यावर परीक्षा घ्यावी ती जुन्याच साधनानें. होडी स्थिर करून शिसें बांधलेली दोरी सोडावी व खोली ताडून पाहावी. यंत्र सांगतें ती खोली ट्रान्सड्यूसरपासूनची असते. तो पाण्याच्या पृष्ठभागाखालीं ३० सेंटिमीटर असेल तर तितकी भर घालावी. तीन-चार जागीं दोरी व यंत्र यांची साक्ष जुळली म्हणजे कान बरोबर बसला असें समजावें. चालत्या होडींतून मासा कमानीसारखा दिसतो, कारण शंकूच्या कांठावर तो यंत्रापासून किंचित् दूर व मध्यावर जवळ असतो; थांबलेल्या होडीखालचा मासा लांब रेघेसारखा दिसतो. यास्तव कमान नाहीं म्हणजे मासा नाहीं, असें मानूं नये. तळाला लागून असलेला मासा तर पुष्कळदां तळाच्या प्रतिध्वनींतच मिसळून जातो.

एक गोष्ट शेवटीं सांगितली पाहिजे. उन्हाळ्यांत पात्र आटतें तेव्हां नदींतील उरलेले मासे थोड्या डोहांत आश्रय घेतात, आणि पुढच्या पावसाळ्यांत त्यांचीच वीण नदीला पुन्हां भरते. यंत्राच्या साह्यानें असा डोह हुडकून काढणें अवघड नाहीं. पण तो सबंध उपसून काढणाऱ्याला पुढील वर्षीं पडद्यावर नुसता तळच दिसेल. यंत्र मासा कोठें आहे तें सांगतें; किती धरावा तें सांगत नाहीं. तें ठरविण्याचें काम, कान कितीहि चांगला बसविला असला तरी, होडींत बसलेल्या माणसाकडेच राहतें.