उजव्या खिशातली सहा नाणी

परवा पुण्याहून एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, मेलबर्नला येतोय. पार्ट-टाइम कामाचं काय?"

मी म्हटलं, "क्रिकेट खेळतोस ना? मग अंपायरिंग कर."

इथे साधारण ऑक्टोबर ते मार्च दर शनिवारी उपनगरांतली मैदानं क्लब क्रिकेटने गजबजलेली असतात. अंपायरला मानधन सामन्यागणिक मिळतं.

आधी कोर्स करायचा. एमसीसीचे ४२ नियम नीट वाचायचे. मुलांच्या सामन्यांसाठी 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक' काढून ठेवा. आणि स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. हे तासही त्यात धरा.

खेळाडू म्हणून न दिसणाऱ्या किती गोष्टी इथे कळतात! क्षेत्ररक्षकांनी अपीलच केलं नाही, तर अंपायर स्वतःहून आउट देऊ शकत नाही. चेंडूचा टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडला, तर कितीही ओरडा होवो, पायचीत नाही. चौकाराची खूण केली की स्कोअररने प्रतिसाद देईपर्यंत थांबायचं.

चेंडू मोजायला काउंटर मिळतो. मी मात्र एक रुपयाची सहा नाणी वापरतो, घरून आणलेली. प्रत्येक चेंडूनंतर एक नाणं उजव्या खिशातून डाव्या खिशात. बोटांनाच मोजणी कळते, नजर क्रीजवरून हलत नाही.

कोर्स, कपडे, पहिल्या सामन्याची तयारी, काहीही विचारा. शनिवार सोडून कधीही उत्तर देईन.