रसायनांचा अपघात : तयारी कोणाची, माहिती कोणाकडे?

माल, उधारी आणि भाव यांचा हिशेब आपण व्यापारी मंडळी रोज ठेवतो. परंतु आपल्या भिंतीला लागून असलेल्या गोदामात काय भरले आहे, ते पेटले किंवा सांडले तर कोणाला कळवायचे आणि कळविल्यावर कोण येणार, याचा हिशेब फार थोड्यांकडे असतो. "रसायनांचे कारखाने मुंबई-ठाण्याला. आमच्या रिठदला त्याचे काय?" असे पुष्कळ जण म्हणतात. हा समज का चुकीचा आहे, कायद्याने आपल्याला कोणता हक्क दिला आहे आणि गावपातळीवर काय करता येईल, हे प्रस्तुत लेखात आम्ही मांडत आहोत.

धोका दारातच आहे

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने रुग्णालयात गेले. वीसहून अधिक जण दगावले. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. म्हणजे आपला जिल्हाही त्या यादीत होता. तेथे कोठलाही कारखाना फुटला नव्हता. कृषी केंद्रात मिळणारे औषध, पाठीवरचा पंप आणि अपुरी माहिती, एवढेच पुरेसे झाले. पंप पाठीवर घेणारा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो आणि त्यात आपल्या समाजाचे लोकही आहेत.

आपल्या धंद्यांकडे पाहा. वेल्डिंगवाल्याकडे गॅसच्या टाक्या आहेत. बॅटरीवाल्याकडे आणि कल्हईवाल्याकडे तेजाब आहे. रंगाऱ्याकडे हायड्रोस असते. ओल लागली की ते आपोआप तापते आणि पेट घेते. धान्याच्या गोदामात कीड मारण्यासाठी ठेवलेल्या सल्फासच्या गोळ्यांना दमट हवा लागली की फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो आणि त्यावर उतारा नाही. फळे पिकविण्यासाठी कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. त्याला पाणी लागले तर पेट घेणारा वायू निघतो. ब्लीचिंग पावडरमध्ये तेजाब पडले तर क्लोरीन सुटतो.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. आपल्या बाजारातील पुष्कळ माल सुरतेहून येतो. त्याच सुरतेच्या सचिन औद्योगिक वसाहतीत ६ जानेवारी २०२२ रोजी पहाटे एका टँकरमधील रसायन नाल्यात सोडले गेले. त्यातून उठलेल्या वायूने जवळच्या गिरणीतील सहा कामगार प्राणास मुकले. त्या टँकरमध्ये काय आहे, हे त्या कामगारांना कोणी सांगितले नव्हते. टँकर आपल्याही रस्त्यांवरून जातात.

कायदा काय म्हणतो

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला. हजारो माणसे मेली. वायू कोणता, पळायचे कोणत्या दिशेने, तोंडावर काय धरायचे, हे वस्तीला माहीत नव्हते, आणि उपचार कोणता करावा हे डॉक्टरांनाही कळविलेले नव्हते. या दुर्घटनेनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठ्याबाबत आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीबाबत नियम झाले.

१९९६ च्या नियमांनुसार केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर संकट निवारण गट असतात. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. स्थानिक गटात कारखाना निरीक्षक, पोलीस, अग्निशमन अधिकारी, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी यांच्याबरोबर डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ते, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक आणि सरपंच किंवा तत्सम लोकप्रतिनिधी यांनाही जागा आहे. जिल्हा गटाने दर पंचेचाळीस दिवसांनी आणि स्थानिक गटाने दर महिन्याला बैठक घ्यावी, स्थानिक गटाने सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष सराव करावा, असे नियम सांगतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नागरिकाने मागितल्यास संभाव्य अपघाताची माहिती देणे हे या गटाचे कर्तव्य आहे.

आता यातील उणीव पाहा. हे नियम मोठ्या साठ्याला लागू होतात. क्लोरीनसाठी ही मर्यादा १० टनांपासून आणि अमोनियासाठी ६० टनांपासून सुरू होते. पाणीपुरवठा केंद्रातील चार-दोन क्लोरीन टाक्या, लहान बर्फ कारखाना, कृषी केंद्राचे गोदाम हे सहसा त्या हिशेबात येत नाहीत. मुंबईच्या शिवडी भागात १४ जुलै २०१० रोजी पडून राहिलेल्या जुन्या टाक्यांतून क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. तेव्हा साठा लहान म्हणजे धोका लहान, असे होत नाही.

अशा ठिकाणी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उपयोगी पडतो. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आणि जिल्ह्याचा आराखडा असणे बंधनकारक आहे. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराने तो आराखडा मागता येतो. अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. उत्तर तीस दिवसांत आणि माणसाच्या जिवाशी संबंधित बाब असेल तर अठ्ठेचाळीस तासांत मिळाले पाहिजे.

विचारपूस कशी करावी

अमेरिकेने भोपाळनंतर १९८६ मध्ये कायदा करून गावोगावी अशा स्थानिक समित्या नेमल्या. नुसत्या नेमून तेथील सरकार थांबले नाही. समित्या बैठका घेतात काय, आराखडा ताजा आहे काय, लोक माहिती मागतात काय, याची पाहणी १९९४, १९९९ आणि २००८ साली देशभर करण्यात आली. काही समित्या केवळ कागदावर असल्याचेही तीत दिसले. हीच पाहणी लहान प्रमाणात आपण करू शकतो. गावातील चार-पाच व्यापारी व कारागिरांनी मिळून, अदबीने आणि लेखी, पुढील प्रश्न विचारावेत :

१. जिल्हाधिकारी कार्यालय : जिल्हा आराखड्यात रासायनिक अपघाताचे प्रकरण आहे काय? ते शेवटी कोणत्या वर्षी सुधारले?

२. तहसील : आपल्या तालुक्यात घातक रसायनांचे साठे कोठे आहेत, याची यादी आहे काय?

३. तालुका कृषी अधिकारी : परवानाधारक कीटकनाशक दुकाने व गोदामे किती? शेवटची तपासणी कधी झाली?

४. प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय : विषबाधेवरील ॲट्रोपिनचा साठा आहे काय? रक्ताची तपासणी कोठे होते?

५. पोलीस ठाणे : टँकर उलटल्यास रस्ता कोण अडविणार आणि वस्ती कोठे हलविणार?

६. अग्निशमन दल : सर्वांत जवळचा बंब कोठे आहे? रसायनाच्या आगीसाठी फेस व श्वसनाचे साधन आहे काय?

७. ग्रामपंचायत : लोकांना खबर देण्याची पद्धत कोणती?

प्रत्येक उत्तरापुढे तारीख आणि अधिकाऱ्याचे पद लिहावे. "माहिती नाही" हेही उत्तरच आहे. ते तसेच नोंदवावे आणि सर्व उत्तरांची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. कोणाला दोष देण्यासाठी ही विचारपूस नाही. प्रश्न आला की कपाटातील फाइल टेबलावर येते, हा सरकारी कामाचा सर्वांना असलेला अनुभव आहे.

आपल्याकडून काय व्हावे

आधी आपले दुकान. घातक मालाची यादी दर्शनी भागी लावावी. तेजाब आणि ब्लीचिंग पावडर एका फळीवर ठेवू नये. हायड्रोस व गोळ्या कोरड्या जागी, बंद डब्यात असाव्यात. कीटकनाशकाच्या डब्यावरील त्रिकोण पाहावा : लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. विषबाधा झाल्यास कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे आणि डबा रोग्याबरोबर दवाखान्यात न्यावा. त्यावर उतारा छापलेला असतो.

वायू सुटल्यास तोंडावर ओले कापड धरून वाऱ्याला आडवे निघावे. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत थांबू नये, उंचावर जावे. टँकरवरील पाटीचा चार आकडी क्रमांक दुरूनच वाचून ११२ वर कळवावा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

खबर देण्याचे साधन आपल्याकडे तयार आहे. मशिदीचा माइक आणि मंदिराचा भोंगा दोन्ही एका वेळी वाजले, तर पाच मिनिटांत गाव जागे होते. जमातीच्या जबाबदार मंडळींनी ग्रामपंचायतीशी बोलून घोषणेचे शब्द आधीच ठरवून ठेवावेत. वायूला जात-धर्म कळत नाही आणि शेजाऱ्याचा जीव ही आपल्याकडील अमानत आहे.

आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो. तदबीर आणि तवक्कुल यांत विरोध नाही. फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे सात प्रश्न घेऊन प्रत्येक गावातून दोन माणसे जरी निघाली, तरी इन्शाअल्लाह पुष्कळ काम होईल.