संगणकाचा आवाज आणि बाहेरची डबी

पेडणे अथवा डिचोली तालुक्यातील एखाद्या घरी आज केसरबाई केरकरांचे गाणे लावावयाचे झाले, तर ग्रामोफोन कोठून आणावयाचा? बहुधा संगणकाचाच आश्रय घ्यावा लागतो. केसरबाई १८९२ साली फोंडा तालुक्यातील केरी गावी जन्मल्या. (पेडण्यातही एक केरी आहे, वाचकांनी गल्लत करू नये.) त्यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. आपल्या घरी मात्र तीच भैरवी ऐकताना तानेमागे एक बारीक गुणगुण चालूच असते. ‘बाहेरची डबी घ्या, आवाज सुधारेल,’ असे कोणी सुचवितो. ही डबी करते तरी काय?

संगणकात गाणे असते ते आकड्यांच्या रूपाने. सीडीच्या पद्धतीत डाव्या व उजव्या बाजूंसाठी दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून ठेवतात, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवितात. हे आकडे पुन्हा विजेच्या लहरीत बदलल्यावाचून स्पीकर बोलावयाचा नाही. ते काम करणाऱ्या रूपांतरकाला बाजारात ‘डॅक’ म्हणतात. तो संगणकाच्या पोटातही असतो. परंतु तेथेच पंखा, स्मृती व वीजपुरवठ्याची मंडले अहोरात्र राबत असतात, आणि त्यांचा विद्युतगोंगाट त्या नाजूक लहरीत झिरपतो. माऊस हलविताच हेडफोनमध्ये खरखर होते, ती ह्यामुळेच. बाहेरची डबी यूएसबी तारेवाटे नुसते आकडे घेते व लहर पेटीबाहेर घडविते. आकड्यांना असा गोंगाट सहसा बाधत नाही. शिवाय मोठ्या हेडफोनांना लागणारा जोर संगणकापाशी पुष्कळदा नसतो. तो अनेक डब्या पुरवितात.

तथापि पैसे मोजण्यापूर्वी दोष कोठे आहे ते पाहावे. लॅपटॉपचा चार्जर काढताच घरघर थांबत असेल, तर संशय वीजजोडणीकडे घ्यावा. आपल्याकडे जमीन बहुतांशी जांभ्याची. पावसाळ्यात ती ओली असते. वैशाखात कोरडी पडली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि अर्थिंग दुबळे होते. अशा वेळी आधी वायरमनला बोलवावे; हा प्रश्न केवळ गाण्याचा नसून घराच्या सुरक्षिततेचाही आहे. अँप्लिफायर जोडल्यावरच घरघर सुरू होत असेल, तर दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून वीज फेरी घालीत असावी. यूएसबीच्या तारेतूनही ती फेरी चालू राहते, म्हणून साधी डबी तेथे हात टेकते. प्रकाशाच्या तारेने, म्हणजे ऑप्टिकल केबलने जोडल्यास त्या वाटेने ती तुटते.

जुन्या तबकडीची खसखस मात्र मुळातच ध्वनिमुद्रणात आहे. ती कोणतीही डबी पुसणार नाही, उलट अधिक स्पष्ट ऐकवील! स्पीकरच फाटका असेल तर डबीचा खर्च वायाच. आणि दुकानदार ‘३८४ किलोहर्ट्झ’ असे भारदस्त आकडे ऐकवितो, तेव्हा एवढे आठवावे की तरुण, निरोगी कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंतच ऐकतो, आणि सीडीचे ४४,१०० तेवढ्यास पुरतात. ह्या वस्तूंच्या किमती काही शेकड्यांपासून लाखांपर्यंत आहेत. माझ्या मते प्रपंची माणसाने पहिल्या पायऱ्यांवरच थांबावे. ज्या फोनांना हेडफोनाचे भोक नसते, त्यांच्यासाठी मिळणाऱ्या बोटभर जोडतारेतही पुष्कळदा असा रूपांतरक असतो, आणि ती अनेक लॅपटॉपांनाही चालते.

डबी घरी आणल्यावर संगणकाच्या ध्वनियोजनेत तिचे नाव निवडावे, अन्यथा आवाज जुन्याच वाटेने येत राहील. संगणकावरील आवाज पूर्ण ठेवून डबीची किल्ली अगदी खाली आणावी, मग हेडफोन कानाला लावावेत, आणि किल्ली हळूहळू वर न्यावी.