निवृत्तिवेतन, अर्धवेळ काम आणि आयकराचे विवरणपत्र

नोकरीतून निवृत्त झालेला शिक्षक, तलाठी अथवा ग्रामसेवक गावी परतला की सहसा रिकामा बसत नाही. विविध कार्यकारी सोसायटीचे हिशेब लिहिणे, दूध संस्थेचे दप्तर सांभाळणे अशी कामे तो अंगावर घेतो. जोडीला थोडी शेती असते व निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत असते. या चार वाटांनी येणारे उत्पन्न बेताचेच असल्यामुळे, "आपल्याला कर बसत नाही, मग विवरणपत्र कशाला?" असा समज सर्वत्र आढळतो. हा समज चुकीचा आहे. त्यामुळे कायद्याचा भंग होतोच, शिवाय हक्काचा पैसाही परत मिळत नाही.

दोन निरनिराळ्या मर्यादा

कर लागण्याची मर्यादा व विवरणपत्र भरण्याची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नास, नव्या करपद्धतीत, एकूण उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असल्यास विशेष सवलतीमुळे सामान्यतः कर शून्य होतो. परंतु विवरणपत्र भरण्याचे बंधन ४ लाखांच्या पुढेच सुरू होते. जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यास ही मर्यादा ६० वर्षांवरील व्यक्तीसाठी ३ लाख, तर ८० वर्षांवरील व्यक्तीसाठी ५ लाख आहे. अर्थात ४ ते १२ लाखांमध्ये उत्पन्न असणाऱ्याने कर न भरता विवरणपत्र मात्र भरावयाचे असते.

७५ वर्षांवरील काही व्यक्तींना विवरणपत्रातून मोकळीक आहे, हे खरे. परंतु ज्यांचे उत्पन्न केवळ निवृत्तिवेतन व त्याच बँकेतील व्याज एवढेच आहे, आणि ज्यांनी बँकेस तसे घोषणापत्र दिले आहे, त्यांच्यापुरतीच ती आहे. अर्धवेळ कामाचे उत्पन्न असल्यास ती लागू होत नाही.

उत्पन्न कसे मांडावे

निवृत्तिवेतन हे पगाराप्रमाणेच धरले जाते. अर्धवेळ कामाचा पगार मिळत असल्यास तो त्यात मिळवावा व दोहोंच्या बेरजेतून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट एकदाच करावी. पगाराऐवजी मानधन किंवा कमिशन मिळत असल्यास त्यास ही वजावट मिळत नाही. ते वेगळ्या सदराखाली दाखवावे लागते. पतीच्या पश्चात पत्नीस मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनातून नव्या पद्धतीत एक तृतीयांश अथवा २५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती वजा होते.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. तथापि ते ५,००० रुपयांहून अधिक असून इतर उत्पन्न ४ लाखांवर गेल्यास, कराचा दर ठरविण्यासाठी ते हिशेबात धरतात. दूध, कोंबड्या व मधमाश्या यांपासूनचे उत्पन्न मात्र कायद्याने शेतीचे उत्पन्न ठरत नाही. ते व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावे.

एक उदाहरण

६६ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकाचा हिशेब असा मांडता येईल :

वर्षाचे निवृत्तिवेतन : ३,६०,००० रुपये
सोसायटीकडील अर्धवेळ पगार : ७२,००० रुपये
वजा प्रमाणित वजावट : ७५,००० रुपये
बाकी : ३,५७,००० रुपये
मुदत ठेवींचे व्याज : १,१०,००० रुपये
एकूण उत्पन्न : ४,६७,००० रुपये

शेतीचे निव्वळ उत्पन्न ६०,००० रुपये आहे. ते मिळवून ५,२७,००० रुपयांवर कर ६,३५० रुपये होतो. त्यातून ४,६०,००० रुपयांवरील (४ लाख अधिक शेतीचे ६०,०००) ३,००० रुपये वजा केले असता ३,३५० रुपये उरतात. सवलतीमुळे तेही माफ होऊन देय कर शून्य येतो.

परंतु व्याज १ लाख रुपयांच्या वर गेल्यामुळे बँकेने दहा टक्क्यांप्रमाणे ११,००० रुपये आधीच कापून सरकारजमा केले आहेत. ही रक्कम परत मिळण्याचा मार्ग एकच. तो म्हणजे विवरणपत्र. वर्षाच्या आरंभीच फॉर्म १५एच हे घोषणापत्र बँकेस दिले असते, तर ही कपात टळली असती. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ याचा अंमल आहे; म्हणून पुढील वर्षांसाठी घोषणापत्राचा चालू नमुना बँकेतूनच मागून घ्यावा. २०२५-२६ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र मात्र १९६१ च्या कायद्याप्रमाणेच भरावयाचे आहे.

विवरणपत्र भरताना

१. पॅन व आधार जोडलेले असावेत. बँक खाते आयकराच्या संकेतस्थळावर पडताळून घ्यावे. परतावा त्याच खात्यात जमा होतो.

२. फॉर्म २६एएस व वार्षिक माहिती पत्रक पाहून कापलेला कर व व्याज यांचे आकडे पासबुकाशी ताडून पाहावेत.

३. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंत असल्यास साधा आयटीआर-१ चालतो. वरील उदाहरणातील शिक्षकास आयटीआर-२ भरावा लागेल. व्यवसायाचे उत्पन्न असल्यास नमुना निराळा असतो.

४. व्यवसायाचे उत्पन्न नसणाऱ्यांस मूळ मुदत ३१ जुलै २०२६ आहे. बंधन असूनही उशीर झाल्यास, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये व त्यापुढे ५,००० रुपये विलंब शुल्क पडते.

५. विवरणपत्र पाठविल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी. आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ओटीपीने ती होते. पडताळणी न केल्यास विवरणपत्र भरलेच नाही असे मानले जाते.

गावोगावी काही मध्यस्थ मोठा परतावा मिळवून देण्याचे आमिष दाखवितात व खोट्या वजावटी लिहितात. त्याची जबाबदारी मध्यस्थावर न पडता सही करणाऱ्यावर पडते. आपला संकेतशब्द व ओटीपी कोणाच्याही हाती देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जून महिन्यातच आपल्या गावातील निवृत्त मंडळींची व निवृत्तिवेतनधारक भगिनींची भेट घ्यावी, पासबुके पाहावीत व कोणाचा कर कापला गेला आहे याची नोंद करावी. पेरणीची धांदल सुरू होण्यापूर्वी एक सायंकाळ या कामी दिली, तर अनेक घरांचा अडकलेला पैसा घरी येईल.