‘किती किलो?’ आकडा येईपर्यंत विचारत राहणारा व्हाइल लूप

बेळगाव : गिऱ्हाईक ‘साखर द्या’ म्हणालं की दुकानदार विचारतो, ‘किती किलो?’ त्यावर ‘चांगली द्या’ असं उत्तर आलं तर तो साखर काट्यावर टाकत नाही, पुन्हा विचारतो. जावास्क्रिप्टमध्ये हेच काम व्हाइल लूप करतो.

‘प्रॉम्प्ट’ लिहिलं की ब्राउझरवर प्रश्नाची चौकट उघडते. व्हाइलपुढच्या कंसात अट लिहायची : उत्तर आकडा नसेल तोवर. महिरपी कंसात परत प्रॉम्प्ट. नवशिके नेमके इथे घसरतात. आत फक्त ‘चुकीचं उत्तर’ असा अलर्ट ठेवतात, नवीन उत्तर घ्यायचं विसरतात. मग जुनंच उत्तर, तीच अट, अलर्टवर अलर्ट. शेवटी टॅब बंद करायची वेळ येते.

दुसरी चूक दिसत नाही, म्हणून जास्त महाग पडते. प्रॉम्प्टचं उत्तर अक्षरांच्या रूपात येतं, ते ‘नंबर’ वापरून आकड्यात बदलतात आणि ‘इज-नॅन’ने तपासतात. पण रिकाम्या चौकटीवर ओके दाबलं तर ‘नंबर’ त्याचा शून्य करतो. कॅन्सल दाबलं तर ‘नल’ येतं, त्याचाही शून्यच. लूप खूश होऊन बाहेर पडतो आणि बिल होतं शून्य रुपयांचं! म्हणून नल आलं तर ‘ब्रेक’ने थांबायचं, रिकामं उत्तर वेगळं तपासायचं आणि वजन शून्याहून मोठं हवं हेही अटीत घालायचं.

तिसरी अडचण आपल्या भागातली. कुणी मराठी कीबोर्डवरून ‘५’ टाकला तर जावास्क्रिप्ट त्याला आकडा मानत नाही. कन्नड ‘೫’चीही तीच गत. माणूस बरोबर उत्तर देतोय आणि लूप आपला विचारतोच आहे, ‘किती किलो?’ गंमत म्हणजे व्हेरिएबलचं नाव ‘वजन’ असं मराठीत ठेवलं तर याच भाषेला चालतं.

उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये मराठी ० ते ९ यांचे क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा हाती येतो. कन्नडसाठी ३३०२ वजा करायचे. ही अदलाबदल ‘नंबर’ वापरण्याआधी करायची. तेवढं जमत नसेल, तर निदान प्रश्नातच ‘इंग्रजी आकड्यांत लिहा’ असं सांगावं.