दहा सेकंदांची पानंच्या पानं

येत्या ५ नोव्हेंबरला नटराजपूजन होईल, नारळ फुटतील, सांगली आणि १८४३ यांचा उद्धार होईल. पण ज्या ‘सीतास्वयंवरा’मुळे हा रंगभूमी दिन आपण पाळतो, त्याचे संवाद कागदावर नव्हतेच. विष्णुदास भावे पदं रचायचे, सूत्रधार ती गायचा आणि पात्रं आपापलं भाषण तिथल्या तिथे करायची. राक्षसांच्या ज्या आरोळीवरून या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवलं गेलं, ती पदांच्या पुस्तकात कशी सापडणार? प्रयोग विरला, पदं उरली.

१८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ छापून आलं. अशा लिखित नाटकांना लोक ‘बुकिश’ म्हणू लागले. वर्गात मात्र आजही सगळीच नाटकं बुकिश असतात. कथानक, स्वभावचित्रण, भाषाशैली, की संपला अभ्यास.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ असं वाचून बघा. शेवटाकडे आरोपी ठरवलेल्या बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात आणि त्या दहा सेकंदांत तिचं लांबलचक स्वगत होतं. वाचणारा ते भराभर वाचून टाकतो. रंगमंचावर मात्र बाकीची माणसं थिजलेली असतात. ती बोलते ते आपल्याला ऐकू येतं, कोर्टाला नाही. १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात सुलभा देशपांडे यांनी ही बेणारे उभी केली. त्या थिजलेल्या माणसांचं गप्प राहणंही स्वगताचाच भाग आहे, हे पाहिल्याशिवाय उमगत नाही. उलट, दहा सेकंदांची मेख पुस्तकात बोट ठेवून दाखवता येते. नाट्यगृहात बेणारेच्या आवेगात ती हातून निसटते.

‘घाशीराम कोतवाल’चंही तेच. ब्राह्मणांची रांग वाचताना डोळ्यांपुढे नुसती रांग येते. १९७२ मध्ये जब्बार पटेलांनी तिची जिवंत भिंत केली. ती नाचते, पाठ फिरवते, मागचं झाकते, हवं तेवढंच दाखवते. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचा पदन्यास संहितेच्या कंसात कसा मावावा?

‘मोबाइलवर पाहिलं की’ म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. कॅमेरा बोलणाऱ्याचा चेहरा धरून बसतो. ऐकणाऱ्याकडे कधी बघायचं, हे प्रेक्षकाच्या हातात उरत नाही. जवळपास प्रयोगच लागत नसेल, तर ठीक.

माझा हिशेब साधा आहे. आधी चौघांत भूमिका वाटून नाटक मोठ्यानं वाचावं, मग प्रयोग पाहावा, मग पुन्हा पुस्तक उघडून नट जिथे थांबला तिथे पेन्सिलीनं खूण करावी. शिक्षकांना एक विनंती : या रंगभूमी दिनी भाषण ठेवू नका. बेणारेचं स्वगत एकीला वाचायला द्या आणि उरलेल्या वर्गाला तेवढा वेळ थिजून बसायला सांगा.