आधी पाण्याला वाट, मग भिंत

पावसाळा तोंडावर आला की कोकणात दोन प्रकारची तयारी सुरू होते. कौलारू घरांची छपरे शाकारली जातात आणि घाटरस्त्यांच्या कडेला दरडींपासून सावध राहण्याचे फलक लागतात. पहिली तयारी संकट टाळण्यासाठी असते. दुसरी मात्र संकट येणारच असे गृहीत धरून. दरड ही दैवी आपत्ती आहे, ही समजूत या दुसऱ्या तयारीच्या मुळाशी आहे. ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगवरून रुळावर आलेल्या दगडमातीमुळे कोकण रेल्वेची गाडी घसरली आणि पन्नासच्या वर प्रवासी प्राणांस मुकले. २०२२ च्या पावसाळ्यात चिपळूणनजीकचा परशुराम घाट दरडींच्या भीतीने वाहतुकीस बंद ठेवावा लागला. या दोन्ही ठिकाणी डोंगर निसर्गाने उभा केला असला, तरी त्याचा उतार माणसाने कापलेला होता.

कोकणात वरचा जांभा कठीण पण सच्छिद्र असतो. त्याखाली पुष्कळ ठिकाणी पांढरट-पिवळसर चिकणमातीचा थर असतो. रस्त्यासाठी डोंगर कापला की हा थर उघडा पडतो. उन्हाळ्यात चिकणमाती आकसून तिला भेगा पडतात आणि पावसाचे पाणी त्यांतून आत उतरते. मातीचे कण एकमेकांवर दाबले गेलेले असतात, म्हणूनच उतार उभा राहतो. कणांमधील पाण्याचा दाब वाढला की ही पकड सैल होते. मृद्‌यांत्रिकीचे जनक कार्ल तेर्झागी यांनी १९२० च्या दशकात हे तत्त्व मांडले. पकड सुटली की मीटर-दोन मीटर जाडीची वरची साल उतारावरून घसरते. म्हणजे खरा शत्रू पाणी होय.

म्हणून उपायांचा क्रमही पाण्यापासूनच सुरू झाला पाहिजे. उताराच्या माथ्यावर चर खणून पाणी बाजूला वळवावे. उतारात भोके पाडून, त्यांत सच्छिद्र नळ्या बसवून आतले पाणी बाहेर काढावे. जेथे जागा आहे तेथे उतार सौम्य करून पायऱ्या पाडाव्यात. जेथे ती नाही तेथे पोलादी सळया खोलवर रोवून, भोवती सिमेंटचा गारा भरून व वर जाळी बसवून माती सांधावी. उघड्या पृष्ठभागावर वाळा लावावा. अनुकूल जमिनीत या गवताची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात, म्हणजे घसरणाऱ्या सालीच्याही खाली. खोलवरचे भूस्खलन मात्र वाळा थोपवू शकत नाही. तेथे भूवैज्ञानिकाचाच सल्ला हवा.

यांपैकी काहीही नवे नाही. कोकण रेल्वेने उतार सौम्य करणे, जाळ्या, सळया आणि वाळ्याची लागवड असे उपाय योजलेही आहेत. उणीव आहे ती सातत्याने देखभाल करण्याची. भिंतीचे उद्घाटन करता येते. चरातील गाळ उपसल्याचे करता येत नाही. पण चर तुंबला, नळ्या बुजल्या, की भिंतीमागे पाणी साचते आणि भक्कम भिंतही ढकलली जाते.

प्रत्येक कटिंगची नोंदवही ठेवावी, मे महिन्यात चर व नळ्या साफ झाल्याचे जबाबदार अभियंत्याच्या सहीने जाहीर करावे आणि त्यासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी. घर शाकारताना कोकणी माणूस आधी छप्पर गळण्याची वाट पाहत नाही. त्याच्या डोक्यावरच्या डोंगराची काळजी घेणाऱ्यांनी एवढे तरी त्याच्याकडून शिकावे.